सासूबाईंचं झाड

आमच्या गेय्वे गावात सफरचंदाच्या भावकीतल्या बिहीच्या झाडाला कात्री लावायची तर ती माझ्या सासऱ्यांनीच. हिवाळा सरत आला की रिफकीबाबा एकेकाच्या बागेत जातात, चहा पितात, छाटणी करतात, कात्री पँटला पुसतात आणि पुढच्या बागेत शिरतात. कुणाकडून काही घेत नाहीत. गाव त्यांना डोक्यावर घेऊन नाचतं, आणि घरात माझं डोकं फिरतं.

यंदा ऐन बहरात शेंडे काळे पडून आकड्यासारखे वाकले. पानं जळाल्यासारखी झाली, पण गळेनात. कृषी कार्यालयातल्या बाईंनी बघताक्षणी सांगितलं, हा करपा. तो लाकडाच्या आतून खाली उतरतो. काळ्याच्या खाली हातभर कापा, दर कापाला कात्री ब्लीचच्या पाण्यात बुडवा, कापलेलं सगळं जाळा. मी ते बाबांना शब्दन् शब्द सांगितलं. ते म्हणाले, थंडीनं मारलंय. बोटभर शेंडा छाटला आणि तीच कात्री घेऊन पुढच्या झाडाकडे गेले.

सगळ्यात वाईट दशा सासूबाईंच्या झाडाची. नेझिहेआई नवरी होऊन आल्या तेव्हा बाबांनी ते लावलं होतं. त्या गेल्या, तरी त्याची पिवळी फळं अजून त्यांच्या कपाटावर मांडली जातात आणि हिवाळाभर खोलीला वास येतो. आता त्याच्या बुंध्यापर्यंत चट्टे उतरले होते. आणि त्याच्या शेजारीच मी आणि माझा नवरा तुंजाय, आम्ही लावलेली नवी रांग. पुढच्या शरदात ती पहिल्यांदा फळणार होती. ते झाड उभं राहिलं तर रांग गेलीच म्हणून समजा.

उन्हाळाभर मी घसा कोरडा केला. बाबा म्हणायचे, फुलं गळू देत. मग म्हणायचे, फळं उतरू देत. तुंजाय म्हणायचा, तुझं अगदी बरोबर आहे, आणि पेपर उलटायचा. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

फळं उतरली त्या आठवड्यात न्याहारीला माझा तोल सुटला.

"बाबा, झाड मेलंय. तुम्ही मढं उभं करून ठेवलंय."

ते बराच वेळ ऑलिव्हच्या बिया ताटलीच्या कडेला लावत बसले.

"पाडा मग," ते म्हणाले. "माझ्यासमोर नको, सूनबाई."

ते नदीकडे निघून गेले आणि आम्ही करवत चालवली. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. फांद्या ओल्या होत्या म्हणून ढीग रचून ठेवला आणि दोन दिवसांनी पेटवला. ढीग थोडा कमी वाटला. वाऱ्यानं बसला असेल, म्हटलं. पहिल्यांदाच शांत झोप लागली.

पुढच्या आठवड्यात शेजारचा हिकमेत कुंपणापाशी भेटला. डोळे पुसत म्हणाला, रिफकीबाबांनी नेझिहेआईच्या झाडाची डहाळी दिली, बागेच्या मधोमध लावलीय. बिहीची डहाळी मातीत खोचली की मूळ धरते, हे इथल्या पोरासोरांना ठाऊक आहे.

मी धावतच बागेत गेले. बाबा माझ्या रांगेत गुडघ्यांवर बसून माती दाबत होते. प्रत्येक दोन झाडांच्या मधे एकेक डहाळी. इतके खूश ते सासूबाई गेल्यापासून दिसले नव्हते.

"हिरव्या तेवढ्याच वेचल्या," ते म्हणाले. "बाकीच्या गावात वाटल्या. आता ती बागेबागेत असेल." मग त्यांनी हात पुढे केले. ब्लीचनं बोटांची सालं निघाली होती. "आणि तुझं ऐकलं हो. दर कापाला कात्री बुडवली."

रोग लाकडाच्या आत असतो, हे मी उन्हाळाभर सांगितलं होतं. त्या डहाळ्या उपटायला मी छपरीतून कुदळ आणली आणि रांगेच्या टोकाशी उभी राहिले.

बाबांनी सरकून मला जागा करून दिली.

"ये," ते म्हणाले, "एक तुझ्या हातची लाव."