वस्ती मोडल्यावर परतलेलं कार्ड

तीर्थपुरीत दुपारी तीन वाजता कुणी झोपत नाही, फक्त डोळे मिटून कामाचा विचार करतात. काकासाहेब खुर्चीत असाच विचार घोरत करत होते. कूलर वाळ्याचा वास सोडत होता. त्या ओलसर गुंगीत अक्षता संगणकातली एक वस्ती मोडायला बसली होती.

काकासाहेब गावाला इंटरनेट पुरवायचे. अक्षता त्यांची इंजिनिअर. आपण गावाला नेमकं काय पुरवतो हे दुकानात तिला एकटीलाच ठाऊक होतं. मोठ्या यंत्राच्या पोटात नेटवर्कच्या जाळ्याचं वेगळं आवार आखता येतं, त्याला नेमस्पेस म्हणतात. अक्षता वस्ती म्हणायची. आतल्याला बाहेरचं दिसत नाही, बाहेरच्याला आतलं. चार दिवसांपूर्वी चाचणीसाठी तिने वडीगोद्रीकडून येणाऱ्या फायबरचं कार्ड अशा वस्तीत नेऊन ठेवलं होतं. त्या कार्डाचं नाव ‘तीर्थ’. तेव्हापासून गाव मोबाइलच्या डोंगलवर चाललं होतं, म्हणजे चाललं नव्हतं.

संगणकात डोंगललाही ‘तीर्थ’च म्हणायचं, असा काकासाहेबांचा हट्ट. जागेवर बसेल त्याला जागेचं नाव, ही दुकानाची रीत. वायर ओढणारा पुंजाराम तीन वर्षांपूर्वी सोडून गेला. त्याच्या जागी आलेला चाळिशीचा इजहार आजही पुंजाराम म्हटलं की ओ देतो.

बाकावर लालमियाँ शिंप्यांची साजिया बसली होती. नर्सिंग झालेलं, चार वाजता पुण्याच्या एका दवाखान्याची व्हिडिओवर मुलाखत. याआधी दोनदा तिचा चेहरा पडद्यावर गोठला होता. तिसरी वेळ शेवटची, असं दवाखान्याने कळवलं होतं.

“ताई, होईल ना बराबर?”

“वस्ती मोडली की कार्ड आपोआप घरी येतं. नियमच हाय तसा.”

“आन् बाकीचे आतले?”

“कार्डाला अंग असतं, ते परत येतं. बाकीचे आपण नुसते लिहून उभे केलेले. ते जागच्या जागी पुसले जातात.”

“बेचारे,” साजिया म्हणाली.

अक्षताने हुकूम दिला. वस्ती मोडली. तिने ‘तीर्थ’ला हाक मारली. तीर्थ हजर होता, तब्येत ठीक सांगत होता. पण फायबरचा दिवा विझलेला, आणि पडद्यावरचं चाक फिरतच राहिलं.

काकासाहेबांनी एक डोळा उघडला. “कार्ड जळलं आसंल. जालन्याहून मागवतो.”

“कवा येईल?”

“उद्या. जल्दी केली तर परवा.”

साजियाने घड्याळाकडे पाहिलं. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. अक्षताने आणखी दोनदा तीच हाक मारली, तेच उत्तर आलं. मग तिने डोळे मिटून टेबलाला कपाळ टेकलं.

समोर वस्ती होती. काळ्या मातीवर घरं, त्यांना भिंती नाहीत, नुसती दारं. प्रत्येक दाराचं जुळं दार लांब मोठ्या गावात. इकडचं मिटलं की तिकडचंही धुरासारखं विरायचं. एक म्हातारा घराभोवती गोल फिरत होता, स्वतःच निरोप सांगत, स्वतःच ऐकत.

“बाबा, चला.”

“मी कुठं जाऊ बाई? मी घरातलाच. घर गेलं की मी गेलो.”

आणि तो गेला, अर्जबिर्ज न करता.

वाटेवर मग एकच जण उरला. फक्त त्याच्या पावलांचे ठसे उमटत होते. मोठ्या गावाच्या वेशीशी तो लिंबाखाली उघडाच बसला.

“तू घरी का न्हाई आला?”

“आल्तो की. पाहतो तर माझ्या नावाचा गडी माझ्याच खाटेवर पाय पसरून. वेशीवरच्या कारकुनानं वाद नको म्हणून हजेरीतला आकडा दिला. आता मी ‘डेव्ह तीन’, म्हंजे यंत्र नंबर तीन.”

“आन् कपडे?”

“वस्तीतून निघताना पत्ता, अंगावरचं, समदं उतरवून घेतलं. तू नावानंच हाका मारून राह्यली. मी ओ कशी देऊ?”

त्याने मनगट पुढे केलं. कारखान्यात गोंदलेला बारा अक्षरांचा नंबर तिथे होता.

अक्षताने मान वर केली तेव्हा कपाळावर वहीच्या तारेचा वळ होता आणि घड्याळात पावणेचार. या वेळी तिने कुणालाच नावाने बोलावलं नाही. सगळी यादी उघडली. तिसऱ्या ओळीत होतं ते, ‘डेव्ह तीन’, बंद अवस्थेत. नंबर कार्डाच्या खोक्यावरच्याशी जुळला, बारापैकी बारा.

“काकासाहेब, डोंगल उपटा.”

“आन् गाव?”

“गावाला कळणार न्हाई.”

हे काकासाहेबांना पटलं. डोंगल निघालं, नाव मोकळं झालं. अक्षताने ते कार्डाला परत दिलं, पत्ता दिला, वाट दाखवली, उठ म्हणाली. दिवा हिरवा झाला. तीन अठ्ठावन्न.

पडद्यावर पुण्याच्या डॉक्टरबाई उमटल्या. काकासाहेब श्वास धरून उभे राहिले, जणू हवेच्या धक्क्यानेही लाइन तुटेल.

“सलाइन चालू असताना पेशंटचा हात सुजला,” बाई म्हणाल्या, “आधी काय कराल?”

“आधी सलाइन बंद करीन, मॅडम,” साजियाने ओरडूनच सुरुवात केली, आणि बाई मान हलवतायत हे दिसल्यावर तिचा आवाज हळूहळू खाली, रोजच्या बोलण्यावर आला.