आत्यानं मागितलं

लोसेलीचं टोंगातल्या हापाई बेटांवर, घरी परतायचं विमान शनिवारी होतं आणि व्हिसाही त्याच दिवशी संपत होता. ऑकलंडला आत्याकडे ती पाहुणी म्हणून आली होती, आतेबहिणीच्या बाळंतपणाला. पण सुईणीनं पायाळू बाळ सुखरूप सोडवलेलं बघितलं आणि पोरीच्या डोक्यात सुईण व्हायचंच शिरलं. त्या शिक्षणाला इथं प्रवेशही मिळवला! आता पाहुणीचा व्हिसा संपायच्या आत विद्यार्थी व्हिसाचा अर्ज केला की झालं. पण तिकडून बापाचं एकच पालुपद, मुकाट्यानं घरी ये.

बापाचं मन वळवणारी एकच बाई होती, त्याची थोरली बहीण. टोंगन भाऊ बहिणीला नाही म्हणत नाही. म्हणून रविवारी चर्चहून आल्यावर लोसेलीनं सेलुवाइया आत्यालाच गाठलं.

"आत्या, बाबांना तू सांग."

"खुळी की काय? पाहुणी म्हणून आलीस, पाहुणीसारखी जा. उद्या पोलीस दारात उभे राहिले म्हणजे?"

"चोरून राहिले तर येतील. मी सरकारला विचारून राहतेय."

"तोंड बघा हिचं! मोठी वकील लागून गेली!"

"तू फोन करेपर्यंत मी जेवणार नाही."

अळूच्या पानांत बांधून नारळाच्या दुधात शिजवलेलं लू समोर वाफाळत होतं आणि पोरगी ताटाला शिवेना. आत्याच्या घरात भाची उपाशी! काय ही नामुष्की! आत्या चरफडली, डाव आपटला, पण फोन लावलाच, स्पीकरवर.

"भाऊ, लोसेली इथंच शिकेल. मी मागतेय तिला."



"बरं, ताई. तुझा शब्द मोडत नाही. शिकण्याला माझी ना नव्हतीच गं. तूही शिकायलाच गेली होतीस. आई वाट बघून बघून गेली, तू काही आली नाहीस."

 एवढी तोंडाळ आत्या, पण तिचे डोळे घळाघळा वाहू लागले. लोसेलीनं आत्याच्या हातातून फोन घेतला.

"बाबा, अर्ज मी उद्याच करणार. तुम्ही रागवा, रडा, करणारच. आणि नाताळला घरी येणार, आत्याला घेऊन."

आत्यानं फोन हिसकावला.

"भाऊ, दर नाताळला आईच्या कबरीवर नवी वाळू कोण घालतं रे?"

"मीच, ताई."

"या नाताळात मी घालीन."