पहिल्या नंबरावरची नक्कल

मामा रोज सकाळी चहाचा कप घेऊन कॉम्प्युटरसमोर बसायचा, दोन बोटांनी ‘शिलाई मशीन दोरा का तुटतो’ असं टाइप करायचा आणि स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडायचा, “आजही आपणच पहिले!”

मामी आतून म्हणायची, “अभिनंदन हो! आता तो कप तेवढा विसळून ठेवा.”

पहिला कसला, डोंबलाचा! मामा पहिला होता तो जगात फक्त त्या एका कॉम्प्युटरवर. हा माणूस दिवसातून दहादा स्वतःचीच साइट उघडणार, मग शोधयंत्राला कळतंच की याला हेच हवंय, आणि ते याचंच पान याच्यासमोर धरतं. माझ्या ऑफिसातून तेच शब्द टाकले की मामा सातव्या पानावर. सातव्या पानावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. लोकांना दुसऱ्याच पानावर जाताना दम लागतो. हे मला माहीत आहे, कारण लोकांच्या साइटी पहिल्या पानावर नेऊन बसवणं हाच माझा धंदा. होता.

आणि हे माहीत असून मी त्याला सांगितलं नाही. मामीला सांगितलं, तर ती म्हणाली, “बघू दे गं. गुडघ्यांनी दुकान घेतलं त्याचं, आता हेही तू घेऊ नकोस.” मी गप्प बसले. गप्प बसायला माझ्याकडे दुसरंही कारण होतं, ते मी मामीला सांगितलं नाही.

मामाने चाळीस वर्षं शिलाई मशिनी दुरुस्त केल्या. गुडघे गेले, दुकान बंद झालं, तेव्हा त्याने डोक्यातलं सगळं लिहून काढायला घेतलं. एका बिघाडाला एक पान. टाका सुटतो, बॉबिन अडकते, कापड पुढे सरकत नाही, मोटर नुसतीच गुरगुरते. अशी एकशे चाळीस पानं. प्रत्येकात त्याने स्वतः काढलेले फोटो, आणि फोटोत पार्ट धरलेला त्याचा अंगठा, नख अर्धं काळं. घरी शिवणकाम करणाऱ्या कितीतरी बाया ती पानं उघडी ठेवून आपापली मशीन दुरुस्त करायच्या आणि खाली लिहायच्या, ‘दादा, चालली!’ त्यावर हा दिवसभर खूश. तेव्हा तो खरोखर पहिल्या पानावर होता. कोणाच्याही कॉम्प्युटरवर बघा, वरून दुसरा.

मग आमच्या ऑफिसात नव्या मशिनी विकणारी एक कंपनी आली.

आमच्या साहेबांना आम्ही पाठीमागे ‘पहिलं पान’ म्हणायचो, कारण त्यांच्या तोंडात दुसरा शब्दच नसे. त्यांनी काचेच्या खोलीत सगळ्यांना बसवलं आणि फळ्यावर लिहिलं, ‘मशीन बिघडली.’ म्हणाले, “मशीन बिघडलेला माणूस काय शोधतो? दुरुस्ती. तिथेच त्याला गाठायचं. दुरुस्ती सांगायची आणि शेवटी म्हणायचं, यापेक्षा नवीन घ्या. महिन्याभरात दीडशे पानं हवीत.”

लिहिणारी तीन पोरं एकमेकांची तोंडं बघायला लागली. त्यांच्यातल्या एकानेही सुई ओवलेली नव्हती. तेव्हा मी, अतिशहाणी मी, छाती फुगवून म्हणाले, “माझ्या मामाची साइट वाचा. याहून अचूक कुठे मिळायचं नाही. फक्त प्रत्येक पानाखाली त्याच्या पानाची लिंक द्या.”

ते मी उगाच म्हणाले नव्हते. शोधयंत्र पानाची लायकी ठरवताना बघतं, की या पानाकडे बोट कोण दाखवतंय. मोठ्या कंपनीने मामाकडे बोट दाखवलं असतं तर मामा दुसऱ्यावरून पहिला झाला असता. माझ्या मनात एवढंच होतं, देवाशप्पथ. साहेब म्हणाले, “हो हो, देऊ की!” आणि मी विश्वास ठेवला. बारा वर्षं त्या माणसाबरोबर काम करून विश्वास ठेवला!

कंपनीच्या साइटवर पानं चढवायचं खातं मी माझ्या नावाने उघडून दिलं आणि दुसऱ्या कामाला लागले. पोरांनी मामाची एकशे चाळीस पानं उचलली, शब्द इकडचे तिकडे करणाऱ्या एका प्रोग्रॅममधून काढली आणि कंपनीच्या साइटवर चढवली. लिंक एकही दिली नाही. उलट कंपनीच्या साइटकडे बोट दाखवायला भाड्याच्या शेकडो साइटी उभ्या केल्या. ती साइट कशी, बोट लावायच्या आत उघडणारी. मामाची साइट त्याच्यासारखीच, उठायला वेळ घेणारी. तीन आठवड्यांत नक्कल पहिल्या नंबरावर, आणि एकासारखी एक दोन पानं बघून शोधयंत्राने ठरवलं की म्हातारा चोर आहे. फेकला त्याला सातव्यावर.

मला कळलं कसं? कंपनीच्या साइटवर एका फोटोत मला तो अंगठा दिसला. अर्धं काळं नख.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी साहेबांच्या खोलीत दार न वाजवता घुसले. ते म्हणाले, “अगं, पोरांच्या लक्षात नाही आलं. फोटो बदलून टाकू.”

“फोटो? अहो, अख्खी साइट त्याची आहे!”

“शब्द बदललेत ना? मग आपली झाली. आणि मामाची साइट बघा असं कोणी सांगितलं होतं?”

तोंडात मारल्यासारखं झालं. बाहेर आले, जागेवर बसले आणि पुढचा दीड महिना मूग गिळून बसले. घरी गेलं की मामाचं ‘आजही पहिले’ ऐकायचं आणि म्हणायचं, वा मामा! मला माझीच किळस येते ते आठवलं की.

मागच्या गुरुवारी सकाळी मामाचा फोन आला. “अगं, आपली साइटच दिसेना. काही टाकलं तरी येत नाही. आणि इंग्रजीत एक लांबलचक मेल आलंय. जरा येतेस का?”

गेले. मेल शोधयंत्राच्या कंपनीचं होतं. ही एकशे चाळीस पानं दुसऱ्यांच्या मजकुराची चोरी आहेत अशी तक्रार आल्यामुळे ती शोधातून काढून टाकत आहोत. आता सातवं पान नाही, सत्तरावं नाही, कुठेच नाही. तक्रार करणारी ती मशीनवाली कंपनी. मूळ लेखक म्हणून खाली एक नाव होतं. माझं. खातं मी उघडलेलं ना, त्या हरामखोरांनी जिथे नाव मागितलं तिथे माझं भरलं होतं.

मामा माझ्या खांद्यामागे उभा होता. त्याला इंग्रजी फारसं येत नाही, पण भाचीचं नाव वाचता येतं.

“ही पानं तू लिहिलीस?”

“नाही रे मामा.”

“मग?”

मग मी सगळं सांगितलं. काचेची खोली, लिंक, अंगठा, दीड महिना. तो रोज पहिला कसा दिसतो तेही सांगितलं. मामी दारात उभी राहून ऐकत होती, तिने डोळ्याला पदर लावला. मामा खुर्चीत बसला. गुडघा चोळत म्हणाला, “विचारायचं होतंस. दिली असती मी.”

त्याने मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी तिथूनच साहेबांना फोन लावला. स्पीकर चालू केला, मामाला ऐकू जावं म्हणून.

“ही तक्रार कोणी केली?”

“आपण. कंपनीला काळजी वाटत होती. कधीतरी तुझ्या मामाने केली असती, त्याआधी आपण केली. जो आधी करतो त्याचं चालतं.”

“माझ्या नावाने?”

“अगं, तुझ्या नावाने म्हणजे घरातल्या घरात झालं ना! मामा काय भाचीवर खटला भरणार आहेत?” आणि हसले. मेला हसला!

“मी उलट तक्रार करते. लिहून देते की हे सगळं खोटं आहे.”

“दे की. म्हणजे स्वतःच्या सहीने सांगशील की तू खोटारडी आहेस. मग या धंद्यात तुला कोण उभं करतं बघू.”

मी फोन इतक्या जोरात ठेवला की मामी दचकली. उलट तक्रारीचा फॉर्म उघडला. नोकरी गेली तर गेली, चुलीत जाऊ दे, आज मामाची पानं परत आणायची. तेवढ्यात मामा म्हणाला, “थांब जरा. त्यांनी कसं लिहिलंय ते वाच बघू.”

“कशाला जिवाला त्रास करून घेतोस?”

“वाच म्हणतो ना.”

मी कंपनीचं पहिल्या नंबरावरचं पान उघडून वाचायला लागले. दोरा का तुटतो. सुईची खाच बघा, सुई काढून उलटसुलट करून पाहा, सुईखालची पट्टी बोटाने चाचपा…

“त्याच्या आधी काय लिहिलंय?”

“काही नाही. इथूनच सुरू होतं.”

“प्लग काढा, असं कुठंय?”

मी वरखाली बघितलं. नव्हतं. दुसरं पान उघडलं, तिसरं उघडलं. मामाच्या प्रत्येक पानाची पहिली ओळ तीच होती, ‘आधी प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही.’ एकशे चाळीस वेळा. आणि ती का गेली ते मला ताबडतोब कळलं, कारण पोरांना तो नियम मीच शिकवला होता. सगळ्या पानांवर तीच ओळ दिसली की शोधयंत्राला पान शिळं वाटतं, नंबर घसरतो, म्हणून अशा ओळी उडवायच्या.

हे मी मामाला सांगितलं आणि मामा उभा राहिला. चाळीस वर्षांत मी त्याचा चढलेला आवाज ऐकला नव्हता.

“नंबर घसरतो? बोट जातं, त्याचं काय? पायाखाली पायडल असतं, अगं! बाई वाकून सुईखाली बोट घालते, पाय चुकून दाबला जातो, आणि सुई नखातून आरपार! माझ्या दुकानात अशी आली होती एक, बोटात सुई तशीच, मशीनपासून तोडून आणलेली. तेव्हापासून मी ती ओळ सोडली नाही, आणि तुम्ही नंबरासाठी पुसली? चोरायचं तर नीट चोरा की! सगळं घ्या, माझं नाव पुसा, मला सातव्यावर टाका, नाही तर खड्ड्यात टाका, पण हे कसं पुसता? माणसं आहात का कोण आहात?”

मामी पाणी घेऊन आली. त्याने ग्लास बाजूला सारला.

“तुला त्या साइटवर लिहिता येतं?”

“अजून येतं. खातं माझ्या नावाने आहे.”

“मग तो फॉर्म राहू दे. आधी तिथे ओळ घाल. सगळ्या पानांवर. माझी पानं आता कोणाला दिसत नाहीत, बाया तेच वाचतायत.”

“मामा, फॉर्म आज नाही भरला तर…”

“घाल म्हणतो ना!”

बसले. एक पान उघडायचं, वर ओळ घालायची, जतन करायचं, पुढचं उघडायचं. मामा शेजारी बसून पानाचं नाव वाचायचा आणि कागदावर टिक करायचा. दुपार झाली. मामीने ताटं वाढली, ती तशीच निवली. साहेबांचे चार फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. शहाण्णवावं पान जतन केलं आणि सत्त्याण्णवावं उघडायला गेले तर पासवर्ड चुकीचा आहे असं आलं. पुन्हा टाकला. पुन्हा तेच. त्यांनी मला बाहेर काढलं होतं. पाचच मिनिटांत ऑफिसचं मेलही बंद झालं.

शिव्या मला येतात आणि त्या मी सगळ्या दिल्या, मामीसमोर. नंतर फॉर्म भरला. माझ्या नावाने केलेली तक्रार खोटी आहे, मूळ लेखक माझा मामा आहे, चोरणाऱ्यांना त्या पानांचा पत्ता मीच दिला. खाली सही केली. उत्तर आलं, दोन आठवडे लागतील.

“दोन आठवडे,” मी म्हणाले. “तोवर त्यांनी आपली ओळ पुन्हा पुसली नाही तर नशीब.”

मामाचं लक्ष नव्हतं. तो कागदावरची टिक न झालेली नावं मोजत होता. चव्वेचाळीस. त्यातली मोटरची नऊ. मग त्याने कपाटातून एक जाडजूड वही काढली. साइटवर प्रश्न विचारणाऱ्या बायांनी दिलेले फोन नंबर त्यात होते, पानंच्या पानं भरून. त्याने चष्मा वर सरकवला आणि पहिला नंबर फिरवला.

“ताई, मी मशीनवाला बोलतोय. नाही नाही, काही विकायचं नाही. मशीन उघडण्याआधी प्लग काढायचा, बटणावर राहायचं नाही. नेटवर काहीही लिहिलेलं असू दे. आणि शेजारी शिवणारी कोणी असेल तिलाही सांगा.”

फोन ठेवून तो माझ्याकडे वळला. राग उतरला नव्हता, कानाच्या पाळ्या अजून लाल होत्या. त्याने वही मधोमध उघडून माझ्यापुढे ढकलली.

“बघत काय बसलीस? तुझा फोन काढ. इथपासून खाली तुझे.”