शाईखालचं फूल

ते साल एकोणीसशे अडुसष्ट. बॉलपेनं दुकानात आली होती, पण परीक्षेला अजून शाईचंच पेन लागे.

नव्या सुनेला शिक्षिकेची परीक्षा द्यायची होती. सासरे पुलांची पाहणी करत गावोगाव फिरत. बोलत कमी, पण बोललेलं मोडत नसत. निघताना ते म्हणाले होते, "अभ्यास कर, बाळ. माझी ना नाही. पण त्यापायी घरातलं काही नासलं, तर त्या दिवशी पुस्तकं माळ्यावर."

आणि शाई सांडली ती नेमकी गालिच्यावर. बाटलीचं झाकण घट्ट बसलं होतं, तिनं जोर लावला आणि बाटलीच निसटली. सासूबाईंनी डोळे जायच्या आधी स्वतः विणलेला गालिचा तो, त्याच्या मधल्या लाल फुलावर निळंकाळं तळं झालं. घाबरलेलं माणूस करतं तेच तिनं केलं. ओलं फडकं घेतलं आणि जीव खाऊन घासलं. बशीएवढा डाग ताटाएवढा झाला.

नणंद दारात येऊन उभी राहिली. "वहिनी, परीक्षेत नकाशा काढायला सांगितला तर हाच ने. समुद्र झकास आलाय."

"वन्सं, थट्टा मागाहून. आधी पांढरी फडकी आणा. आणि स्टोव्हचं स्पिरिट."

आता ती घासत नव्हती. स्पिरिटचं फडकं टेकवायची, दाबायची, उचलायची, कडेकडून आत. निळं झालेलं फडकं टाकायची, नवं घ्यायची. संध्याकाळी फूल बरंच लाल दिसायला लागलं. सकाळी पाहते तो मुळाशी मुरलेली शाई पुन्हा वर आलेली! पुन्हा फडकी, पुन्हा स्पिरिट. दुसऱ्या सकाळी तेच भूत पुन्हा हजर. नणंदेनं हात टेकले. सुनेनं पदर खोचला.

दुपारी सासूबाईंच्या काठीचा आवाज आला, तशी नणंदेनं झटकन बैठं टेबल ओढून डागावर ठेवलं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यापासून डाग झाकायचा, हे शहाणपण त्या घाईतच सुचायचं.

"इथं दवाखाना उघडलाय का गं?" सासूबाईंनी नाक वर केलं, तोच त्यांची काठी टेबलाला अडली. "आणि माझ्या फुलावर टेबल कोणी ठेवलं?"

"आई, माझा पाय मुरगळला होता, म्हणून औषध लावलं..." नणंद म्हणाली.

"पाय तुझा मुरगळला आणि बसवलंस टेबलाला?"

सुनेनं टेबल बाजूला केलं. "आई, माझ्या हातून शाई सांडली."

सासूबाई खाली बसल्या. त्यांची बोटं लोकरीत शिरून मुळापर्यंत गेली. "घासलंस ना?"

"हो."

"घासल्यानं शाई गाठींत उतरते. आता ती जायची नाही."

सुनेला माळा दिसायला लागला. पण सासूबाई उठल्या नव्हत्या. "डाग जात नसेल तर गाठी काढू. गालिचा उलटा करा. आणि माझी पेटी आणा."

नणंद बघतच राहिली. डोळे गेल्यापासून लोकरीच्या त्या पेटीचं नाव काढायची घरात कुणाची छाती नव्हती.

"डोळे तुझे, बोटं माझी," सासूबाई सुनेला म्हणाल्या.

मागच्या बाजूनं सुनेनं काळ्या पडलेल्या गाठी एकेक करून सुईनं उपसल्या. मग ती रंग सांगायची आणि सासूबाई गाठ मारायच्या. पहिली ओळ सैल आली. त्यांनी ती उसवली. दुसरीही उसवली.

"आई, दमलात. राहू द्या."

"दमले असं मी म्हटलं का? पुढचा रंग सांग."

तिसऱ्या ओळीला बोटांना जुनी वाट सापडली. सासरे यायच्या दिवशी शेवटची गाठ बसली, नणंदेनं कात्रीनं लोकर सारखी केली, आणि सुनेचा चेहरा उतरला. पेटीतली लोकर कोरी लालभडक, भोवतीचा गालिचा विटलेला. फूल दिव्यासारखं पेटलं होतं.

"आई, रंग जुळत नाही. जुना फिका पडलाय."

"फिका?" सासूबाईंनी फुलावरून हात फिरवला. "मला तर अजून तसाच लाल दिसतो गं."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. सासऱ्यांनी बूट काढायच्या आत सुनेनं सगळं सांगून टाकलं. ते वाकून फुलाकडे पाहत राहिले.

"हे विणलं कुणी?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "तिच्या डोळ्यांनी."

सासरे खुर्चीत बसले. बूट काढत म्हणाले, "नासलं तर, असं म्हणालो होतो मी. इथं नासलंय कुठं? पुस्तकं राहू देत खाली." मग सुनेकडे वळले. "पेन मात्र यापुढे न्हाणीघरात भरायचं."

ती परीक्षा पास झाली, पुढे मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका झाली. मुलं तिला पाठीमागे 'शाईबाई' म्हणत, पण त्यामागची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. तिच्या बोटांना शाई असे, एवढंच त्यांना दिसे. नणंद लग्न होऊन दूर गेली. कुणाच्या घरी काही सांडलं की आधी तिचा आवाज चढे, "घासू नका!" सासूबाईंनी पुन्हा माग मांडला आणि हात चालले तोवर विणलं. सासरे निवृत्त झाल्यावर शेजारी बसून रंग सांगत. हिरव्याला निळा म्हणत आणि बोलणी खात.

गालिचा अजून आहे. ते फूलही आता बाकीच्यांइतकंच फिकं झालंय, नजरेला वेगळं दिसत नाही. हात फिरवला तर मात्र कळतं. तिथल्या गाठी जरा जास्त घट्ट आहेत.