चौथी बाटली

घरात पाणी होतं ते असं. बाथरूममध्ये निळं पिंप, दोनशे लिटरचं, काठोकाठ. मोरीत पंधरा लिटरच्या दोन बादल्या. ओट्याखाली दहा लिटरच्या दोन कळश्या, ओट्यावर बारा लिटरचा माठ. फ्रिजमध्ये काचेच्या चार बाटल्या, एकेकाळी रमच्या, पाऊण-पाऊण लिटरच्या. पलंगाशेजारी तांब्या, त्यात अर्धा लिटर. तिर्झानं मनात बेरीज केली. दोनशे साडेपासष्ट लिटर.

हे सगळं पप्पांनी भरलं होतं, त्याच सकाळी. डोंबिवलीच्या त्या बिल्डिंगला पाणी दिवसाआड यायचं, पहाटे साडेपाच ते पावणेसात, आणि पाणी भरणं हे आरोन झिराडकरांचं काम होतं. त्या मंगळवारी ते भरून झाल्यावर पलंगावर टेकले आणि नऊ वाजता गेले. तिर्झा तेव्हा वागळे इस्टेटमध्ये होती. तिथल्या एका लॅबमध्ये ती पाणी तपासायची.

ती घरी पोचली तेव्हा आईनं एवढंच सांगितलं, की सगळं पाणी ओत.

बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, घरी माणूस गेला की साठवलेलं पाणी ओतून टाकतात. तिर्झानं हे ऐकलं होतं, केलं नव्हतं. का ओतायचं, तर मृत्यूचा दूत आपली सुरी घरातल्या पाण्यात विसळून जातो, असं आजी सांगायची. तिर्झानं पिंप कलंडवलं. बाथरूमभर पाणी झालं, मग जाळीतून गेलं. बादल्या झाल्या, कळश्या झाल्या, माठ झाला, तांब्या झाला. तीन बाटल्या झाल्या. चौथी तिनं टॉवेलात गुंडाळून ऑफिसच्या बॅगेत ठेवली. का, ते तिला सांगता आलं नसतं. आपल्याला काही वाटत नाहीये, एवढं मात्र तिच्या लक्षात आलं.

पुढचं पाणी गुरुवारी येणार होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या सुमतीकाकू न सांगता दोन बादल्या घेऊन आल्या. आमच्यात सुतक असतं तसंच तुमचंही, असं म्हणाल्या. मग जरा घुटमळून, आमचंही पाणी ओतायचं असतं का, असं विचारलं.

एलियाकाका, म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ, ठाण्याहून नुकतेच पोचले होते. ते म्हणाले, "शास्त्रात शेजाऱ्यांचंही ओता असं आहे, वहिनी. पण शास्त्र लिहिणारा डोंबिवलीत राहिला नव्हता."

सुमतीकाकूंना हसावं की नाही ते कळेना. आई हसली. दुपारी दफन झालं.

मग सात दिवस घरात बसायचं. आरसा चादरीनं झाकलेला, जमिनीवर गादी, तिर्झाच्या कुडत्याला गळ्याशी फाडलेली चीर. संध्याकाळी प्रार्थनेला दहा पुरुष जमायचे. आई बोलायची कमी, पाणी प्यायची त्याहून कमी, आणि प्यायची ते सुमतीकाकूंच्या बादलीतलं. गुरुवारी नळाला पाणी आलं, तिर्झानं पिंप भरलं, तरी आईनं त्याला तोंड लावलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिर्झानं काकांना विचारलं, की पाण्यात नेमकं काय उतरतं. काकांनी निवृत्तीनंतर गूढविद्येची पुस्तकं वाचली होती. असं कुणी विचारलं की त्यांना बरं वाटायचं. ते म्हणाले, त्याला केलिपा म्हणतात. टरफल. सृष्टीच्या आरंभी प्रकाशाची भांडी फुटली, ठिणग्या विखुरल्या आणि एकेका ठिणगीवर टरफल चढलं. जगात जे वाईट आहे ते सगळं टरफल. त्याला स्वतःचा जीव नसतो, आतल्या ठिणगीवर ते जगतं. आणि प्रेत सगळ्यात अशुद्ध, कारण आत्ता-आत्तापर्यंत तिथं सगळ्यात पवित्र गोष्ट राहत होती. ती निघून गेली की उरलंसुरलं चाखायला टरफलं धावतात.

"म्हणजे चांगला माणूस जास्त अशुद्ध?"

"पाण्याच्या रिकाम्या डब्याला धूळ चिकटते का? तेलाच्या डब्याला चिकटते. अगं, आपण तेली. आपले पणजोबा घाणा चालवायचे. हे आपल्याला पुस्तकातून कळायला नको."

तिर्झानं विचारलं, एखादं भांडं ओतायचं राहून गेलं तर?

"तर टरफलाला बसायला जागा मिळाली. आणि गेलेल्याचा पाय दारात अडकला."

सातव्या दिवशी आरशावरची चादर काढली. पाहुणे गेले. आई ओट्याशी उभी होती. पालथ्या घातलेल्या तीन बाटल्यांकडे पाहत ती म्हणाली, "चौथी कुठं आहे?"

"माझ्या बॅगेत."

"भरलेली?"

"हो."

आईनं आवाज चढवला नाही. "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. म्हटलं, आज ओतशील, उद्या ओतशील. त्यांना जाऊ दे, तिर्झा. पंचवीस वर्षं पहाटे उठून पाणी भरलंय त्यांनी."

"आधी तपासते. एकदाच."

"काय शोधणार आहेस?"

"काही उतरलंय का ते."

"आणि नाही सापडलं तर ठेवून घेणार?"

आईनं पदराला हात पुसले. "तपास. मग घेऊन ये. माझ्यासमोर ओत. तोवर मी या घरातलं पाणी पिणार नाही."

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नमुने नोंदवून घेणाऱ्या संदेशनं बाटली पाहिली. "काय गं, रमचं सॅम्पल आणलंस?" मग त्यानं फॉर्म वाचला. नमुना घेतल्याची वेळ मागचा मंगळवार, सकाळी सहा. नमुना घेणाऱ्याचं नाव आरोन झिराडकर. चोवीस तासांहून जुना नमुना आपण घेत नाही, असं तो म्हणायला लागला आणि आडनावाशी थांबला. त्यानं फॉर्मवर शिक्का मारला.

तिर्झानं अडीचशे मिली काढून घेतलं. एरवी करायची ते सगळं तिनं केलं, हात पुसले, फिल्टर ठेवला, डिश इनक्युबेटरमध्ये सरकवली. आठ दिवसांत पहिल्यांदा तिचे हात कामात होते.

चोवीस तासांनी तिनं डिश उजेडात धरली, मग भिंगाखाली. गढूळपणा ०.४. अवशिष्ट क्लोरीन शून्य. कोलिफॉर्म शून्य. खाली संगणकानं आपण होऊन छापलं: पिण्यास योग्य. कागद तिनं घडी करून बॅगेत ठेवला.

घरी आई मोरीच्या दाराशी येऊन उभी राहिली. कागद तिनं मागितला नाही, तिर्झानं दाखवला नाही. टॉवेल सोडला, बूच काढलं. बाटलीचा गळा अरुंद होता, पाणी डुचमळत, अडत बाहेर आलं. शेवटचे थेंब पडेपर्यंत तिर्झानं बाटली उलटी धरली. मग आईनं पिंपातून फुलपात्र भरलं आणि ती उभ्यानंच प्यायली.

ओतलं ते पाचशे मिली. नऊ सेकंद.