कारमोच्या कानातला गोंडा

अरे, आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, की चुस्कितच्या घरच्या त्या पांढऱ्या घोडीला, कारमोला, हात लावायचा तो फक्त मान खाजवायला. ओझं नाही, खोगीर नाही, विकणं तर नाहीच. कारण ती सोडलेली होती. चुस्कितचे वडील, आबा, पोटाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले, लेहच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, तेव्हा लामा म्हणाले, एका जिवाला मोकळं करा. घोडी न्यायला व्यापारी दारात आलेला, त्याला तसाच परत पाठवला. लामांनी मंत्र म्हटले, कारमोच्या कानात सोडल्याची खूण म्हणून लाल लोकरीचा गोंडा ओवला, आणि शप्पथ, पुढच्या कापणीला आबा विळा घेऊन शेतात!

तेव्हापासून आबांचं एकच. जवाच्या पिठाचा पहिला गोळा रोज कारमोला. चुस्कितची आई, आमा, आतून ओरडायची, "चहा निवतोय हो!" तर हे म्हणायचे, "आधी तिचं होऊ दे. तिच्या जिवावर जगतोय मी."

आणि मग चुस्कितला वाटाडी म्हणून पहिलं स्वतःचं काम मिळालं. फ्रान्सचं एक वयस्कर जोडपं, तीन गावं, एक खिंड. सोबत घोडेवाला नुर्बू, त्याला ती अचो, म्हणजे दादा, म्हणायची. पहिला मुक्काम चुस्कितच्याच घरी. आबा-आमा दोघंही आत्याच्या गावी कापणीला गेलेले. सकाळी उठून बघतात तर नुर्बूची एक घोडी पाय टेकवेना. गावातले बाकीचे घोडे कधीच दुसऱ्या पाहुण्यांबरोबर गेले होते.

नुर्बू कारमोकडे बघत म्हणाला, "ही आहे की. नुसती खाऊन खाऊन लामांपेक्षा गुबगुबीत झालीय."

"अचो, काहीतरीच काय! ती सोडलेली आहे."

"मग मी काय कापायला मागतोय? झोपायच्या दोन पिशव्या फक्त. बाकी सगळं माझ्या घोड्यांवर."

"आणि आबांना कळलं तर?"

"परवा ती परत गोठ्यात असेल. घोडी चुगली करणार आहे का? का पाहुण्यांना इथूनच परत पाठवतेस? पाठव. मग लेहचे सहलवाले तुला पुन्हा काम देतील? चूल फुंकत बसशील."

चुस्कितनं बाहेर बघितलं. पाहुणे अंगणात बूट बांधत होते, बाई हसून हात हलवत होत्या.

"पण तो गोंडा काढ बाई," नुर्बू म्हणाला, "नाहीतर पुढच्या गावात मला दगड मारतील."

गोंडा तिनंच काढला. कारमोनं आपणहून मान खाली घातली, तिला वाटलं खाजवतायत. चुस्कितनं तो खिशात कोंबला आणि मग दिवसभर तिचा हात काही खिशाबाहेर येईना.

पुढच्या गावात एक म्हातारी अबी, आजीच म्हणा, दारात लोकर कातत बसलेली. तिनं घोडीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ही तुझ्या आबांची ना गं?"

"नाही अबी-ले. तिची बहीण आहे."

"अस्सं? बहिणीच्याही कानाला भोक?" अबी आपली चाती फिरवत राहिली. त्या रात्री मुक्काम तिथंच; चुस्कितनं आपलं ताट नुर्बूपुढे सारलं.

दुसऱ्या दिवशी खिंड. वारा असा की बोललेला शब्द तोंडातच परत यायचा. इतका काळ नुसती बसून खाल्लेली घोडी ती, तिला कुठली चढाची सवय? पिशव्या हलक्या होत्या हो, पण चढ तर चढच ना. वर पताकांपाशी पोचलेले पाहुणे आपल्या लोकांसारखं देवांच्या जयजयकाराचं "की की सो सो" ओरडत होते, आणि खाली वळणावर कारमो गुडघ्यांवर बसली. मग आडवीच झाली.

"ऊठ ना गं," चुस्कित म्हणाली. "ऊठ, माझी आई."

ओझं सोडलं, पोट चोळलं, पाणी पाजलं, ते नाकावाटे बाहेर आलं. नुर्बूनं ओढलं, शिव्या दिल्या, नंतर तोही पाठ फिरवून उभा राहिला. फ्रान्सच्या बाई धावत खाली आल्या, स्वतःचं जाकीट काढून घोडीवर घातलं, रडत रडत तिचं नाव विचारलं. चुस्कित आपली गारठलेल्या बोटांनी तो गोंडा परत कानात ओवत होती. जमलं, पण तोवर कान हलायचा थांबला होता.

पाहुण्यांना पलीकडच्या गावात पोचवून ती उलटी निघाली. डोक्यात एकच: आबा. घोडी गेली, म्हणजे आबा... ती अक्षरशः पळत आली. आणि अंगणात बघते तर आबा! धडधाकट, हातात पिठाचा गोळा.

"का गं, भूत बघितल्यासारखी?" ते हसले. "कारमो कुठंय? आल्यापासून शोधतोय. चरायला सोडलीस?"

तिनं मूठ उघडली. खिंडीतून निघताना गोंडा तिनं परत काढून आणला होता.

आबांनी तो घेतला नाही. मग विचारलं, "ओझं जड होतं?"

"नाही आबा. दोनच पिशव्या."

"बरं," ते म्हणाले. बस. ओरडले नाहीत, काही नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं ती आजही म्हणते.

आता वसंत आलाय. लेहचे डॉक्टर म्हणतात, पोटात काही नाही, माणूस ठणठणीत आहे. पण आबांचा सदरा आता खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबतो. या वर्षी पेरणीचं बी सुद्धा त्यांनी चुस्कितलाच निवडायला लावलं. सकाळी ते पहिला गोळा घेऊन रिकाम्या गोठ्यात जातात, तिथं दगडावर ठेवतात आणि परत येऊन चुलीपाशी बसतात. चुस्कित त्यांच्यासमोर ताट सारते.

"आबा, खा ना. दोन घास तरी."

ते दाराकडे बघत म्हणतात, "आधी तिचं होऊ दे."