दोन मिनिटं चौदा सेकंद

सगळ्यांचं वय वाढतं, मथुराबाईंचं मात्र एकदा चांगलं तीन वर्षांनी कमी झालं होतं. सोळाखालच्या मुलींत पळवायचं म्हणून खेळाच्या सरांनी फॉर्मवर जन्मसाल बदललं, आणि अठरा वर्षांची मथुरा पोरीसोरींना मागे टाकून आठशे मीटर दोन मिनिटं चौदा सेकंदांत पळाली. त्याच कागदावर पुढे खेळाडू म्हणून हिंदी मुलखातल्या स्टील प्लांटमध्ये नोकरी लागली, प्लांटच्या वसाहतीत सेक्टर 2 मध्ये क्वार्टर मिळालं. सरांना जाऊनही आता वीस वर्षं झाली.

आता खऱ्या साठीच्या बाई कागदावर सत्तावन्नच्या होत्या; रिटायर व्हायला अजून तीन वर्षं होती. दोन्ही गुडघे गेलेले, तरी रोज स्टोअरचे जिने चढायच्या. रेल्वेतून रिटायर झालेले त्यांचे यजमान देवीदास म्हणायचे, "सांगून टाक साहेबाले." म्हणे सांगून टाक! नोकरी गेली, क्वार्टर गेलं तर राहायचं कुठं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

त्यात तो मेला दोन चौदाचा विक्रम कोणी मोडेना. सेक्टरांच्या स्पर्धेला दरवर्षी बाईंना बोलावून शाल देत, टाळ्या वाजत, आणि बाईंना मेल्याहून मेल्यासारखं होई.

यंदा शेजारच्या बोरसीतल्या राजकुमारची पोरगी टीना पळाली. दोन पंधरा. गेल्या वर्षीही दोन पंधराच. पोर गवतावर पालथी पडून रडत होती.

"रेकॉर्ड तोडला तं पुढं पळवतो म्हटलं होतं, ताई," राजकुमार बाईंना सांगत होता. "दोन चान्स देल्ले. आता बस. पार्लरच्या कोर्सले नाव टाकलं तिचं."

"एका सेकंदासाठी कावून घरी बसवता तिले?"

"तुमी पंधराव्या वर्षी पळल्याच ना?"

खरं काय ते बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बाजूलाच प्लांटचे साहेब चहा पीत उभे होते. बाईंनी शब्द गिळला, आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली. आपल्या खोट्यापायी या पोरीचं पळणं सुटणार होतं. साहेब गाडीकडे वळले तशा बाई गुडघा धरत टीनाजवळ गवतावर बसल्या. जाईल नोकरी तर जाईल, त्यांनी ठरवलं.

"आयक पोरी. मी तवा पंधराची नव्हती, अठराची होती. सरांनं कागद बदलला. तू माह्याशी हरली नाही. जा, सांग तुह्या बापाले."

टीनाचं रडणं थांबलं. तिनं बाहीनं तोंड पुसलं आणि दूर उभ्या बापाकडे पाहिलं.

"आंटी, मैं भी सत्रह की हूँ," ती हळूच म्हणाली. "पप्पांनीच फॉर्म भरला. आता पार्लरवालीनं बी पंधराच लिवलं."

मैदानावर बक्षिसांसाठी नावं पुकारली जात होती.

"तुमी घराबाहेर कोणाले सांगितलं, आंटी?"

"तुलेच," बाई म्हणाल्या. "बेचाळीस वर्षांनी."